शालेय समूहगानाची तालीम : राज्यगीताच्या निमित्ताने एक चिकित्सा

राजा बढे यांनी लिहिलेले व श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून महाराष्ट्राचे राज्यगीत झाले. शाळांच्या परिपाठात ते वाजवावे अथवा गावे, असे शासनास अपेक्षित आहे. वाजविण्यास ध्वनिवर्धक पुरतो. गाण्यास मात्र तालीम लागते. या तालमीचा विचार संगीतशिक्षणात अभावानेच आढळतो.

त्याचे मूळ परंपरेत आहे. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापून गाणे घराण्याच्या उंबरठ्याबाहेर आणले. त्यांच्या शिष्यांनी उभारलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे केंद्र पनवेलजवळच, वाशी येथे आहे. मंडळाच्या परीक्षांनी हजारो विद्यार्थी घडविले, हे निर्विवाद. परंतु या परीक्षांत कस लागतो तो एकेका गळ्याचा. साहजिकच असा पदवीधर शिक्षक साठ मुलांपुढे उभा राहतो तेव्हा साठ स्वतंत्र शिकवण्यांची बेरीज म्हणजे समूहगान, असे गृहीत धरतो.

पहिली चूक पट्टीची. पुरुषी आवाजाला काळी एक सोयीची असते. लहान मुलांना बहुधा काळी चार-पाचची पट्टी मानवते. शाहीर साबळे यांचा बुलंद आवाज हा ऐकण्याचा आदर्श आहे, मुलांच्या पट्टीचा नव्हे. ती परकी पट्टी लादली की तारसप्तकात मुले ओरडतात, अन्यथा मंद्रात त्यांचा आवाज बुडतो. आठवी-नववीत ज्यांचा आवाज फुटू लागला आहे, त्या मुलांना 'बेसूर' ठरवून मागे ढकलणे हा तर निव्वळ अन्याय होय. त्यांना काही काळ खालच्या सप्तकातील मोजक्या ओळी देता येतात.

दुसरा दोष रचनेचा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर अंतर कापतो. मैदानावर ३४ मीटर मागे असलेल्या रांगेला पुढचा सूर एक दशांश सेकंद उशिरा पोहोचतो आणि तिचा प्रतिसाद पुढे येईपर्यंत आणखी तेवढाच वेळ जातो. लय रेंगाळते ती यामुळे. दोष मुलांच्या माथी मारला जातो. येथे पनवेल परिसरातील गावोगावची भजनी मंडळे अधिक शहाणी म्हणावी लागतील. वारकरी भजनात टाळकरी समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात, मृदंग मध्ये असतो आणि एकाने म्हटलेले चरण सर्वजण झेलतात. प्रत्येकाला शेजाऱ्याचा व समोरच्याचा सूर ऐकू येतो. शाळेत मात्र मुले एकमेकांच्या पाठीकडे पाहत गातात.

हार्मोनियमचा अतिवापर हा तिसरा, बहुधा सर्वांत दुर्लक्षित दोष. शिक्षक पेटीवर संपूर्ण चाल वाजवीत राहिल्यास मुले पेटीमागून जातात, ऐकण्याची जबाबदारी घेत नाहीत. केवळ षड्ज धरून, आधी शब्दांविना गुणगुणून, मग टाळीच्या लयीत शब्द म्हणवून घेऊन आणि शेवटी दोन्ही एकत्र आणून ओळ बसविणे अधिक फलदायी ठरते. श्वास कोठे घ्यायचा, हेही आधीच ठरवावे लागते. एरवी ओळीच्या मध्येच अर्धा वर्ग गप्प होतो. वीस मिनिटांच्या तासिकेत अशा दोनच ओळी बसतील, आणि नेमके हेच स्नेहसंमेलनाच्या तोंडावर तालीम मागणाऱ्या मुख्याध्यापकांस रुचत नाही.