पंचांग चंद्राचे आणि वाऱ्याचे

कोळ्यांच्या समुद्रज्ञानाविषयी मराठीत बहुधा दोनच सुरांत लिहिले जाते. एक सूर गौरवाचा: पिढ्यान्‌पिढ्यांचे हे शहाणपण हवामानबदलात आपल्याला तारेल. दुसरा निरोपाचा: समुद्र बदलला, आता जुन्या ठोकताळ्यांचा उपयोग संपला. हे ज्ञान एकजिनसी आहे, असे दोन्हींत गृहीत धरलेले असते. उत्तर कोकणातील डोलीची मासेमारी नीट पाहिली तर तसे दिसत नाही.

डोल म्हणजे निमुळत्या पिशवीसारखे मोठे जाळे. ते ओढायचे नसते. समुद्रात पक्के रोवलेल्या खुंटांना बांधून त्याचे तोंड प्रवाहाकडे ठेवायचे आणि बाकीचे काम पाण्यावर सोपवायचे. बोंबील, जवळा, करंदी प्रवाहाबरोबर आत येतात. पाणी थबकले की जाळे उपसायचे. म्हणजे सगळा धंदा भरती-ओहोटीच्या वेळेवर. ती काढायचे गणित मुंबईच्या किनाऱ्यावर तोंडी चालते: तिथीची पाऊणपट करा. पंचमीला पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, म्हणून पाऊण तासाचा हा हिशेब जमतो. थोडी फारकत पडते, ती अनुभवाने भरून काढतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोरकस, अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी मंद. या भागाला हवामानबदलाने फारसा हात लावलेला नाही. चंद्र आपल्या वेळेवर आहे.

बिघडले आहे ते वाऱ्याचे पंचांग. पाऊस सरला की आभाळ मोकळे होणार, कोरडा वारा सुटणार, या भरवशावर सुक्या बोंबलाचा व्यवहार उभा आहे. बोंबलाच्या अंगात बहुतांश पाणीच. बांबूच्या दांड्यांवर टांगून तो वेळेत वाळला नाही तर कुजतो. 2019 साली अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली, जिथे एरवी वर्षाला एखाददुसरे होई. त्यातले ‘क्यार’ ऐन दिवाळीत आले. ते किनाऱ्यावर न आदळता पश्चिमेला वळले, म्हणून बातमीतून लवकर उतरले. पण मासळी वाळवणाऱ्याला वादळ अंगावर यावे लागत नाही, चार दिवसांचा पाऊस पुरतो. वाळवण्याचे हे ज्ञान मुख्यतः बायकांचे. मासा कधी उलटायचा, कुठल्या वाऱ्याला किती दिवस द्यायचे, कधी गुंडाळायचे, हे सारे त्यांच्या हातात. धक्का बसला तो नेमका इथे, आणि लेखनात सर्वांत कमी नोंद याच भागाची. नौका फुटली तर पंचनामा होतो. कुजलेल्या बोंबलाची भरपाई कोळिणींना मागत राहावी लागते.

नारळी पौर्णिमेचेही असेच. आपण तिला सण म्हणून गाण्यानाचात बसवले. मुळात ती होड्या कधी लोटायच्या याची मर्यादा होती. आज मर्यादा सरकारी तारखेची आहे: 1 जून ते 31 जुलै. नारळी पौर्णिमा 2020 मध्ये 3 ऑगस्टला आली, 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे 30 ऑगस्टला. त्या वर्षी पूजेआधी महिनाभर यांत्रिक नौका समुद्रात होत्या. बंदी लांबवा, ही मागणी पुष्कळदा मच्छीमारांकडूनच येते. तरीही पौर्णिमेला आंधळेपणाने शास्त्र ठरवणे मला पटत नाही. सत्तावीस दिवसांनी पुढेमागे होणारी तिथी माशाच्या विणीशी बांधलेली नसते. जुनी मर्यादा खवळलेल्या समुद्राची होती आणि तिचा फायदा माशालाही मिळे. इंजिनाने ती भीती कमी केली, तेव्हा तो फायदाही गेला.

साहित्याने या गोंधळात भरच घातली. तकळींच्या ‘चेम्मीन’ (1956) या मल्याळम कादंबरीचे मोठेपण मान्य करूनही म्हणावे लागेल, की वाचकांच्या लक्षात राहिली ती किनाऱ्यावरच्या बायकोच्या शीलावर नवऱ्याचा जीव टांगणारी समजूत. केरळच्या त्या किनाऱ्यावरचे वारा-पाण्याचे ज्ञान तिच्यामागे दिसेनासे झाले. आपल्याकडे कोळीगीतांनी कोळिणीला टोपली दिली, वाळवणीचे गणित दिले नाही. मुंबईच्या सोनकोळ्यांवरचा विजया पुणेकर यांचा अभ्यास 1959 मध्ये आला, तोही इंग्रजीत.

नोंदी करायच्या तर आता त्या दांड्यांपाशी बसून करायला हव्यात: यंदा बोंबील किती दिवसांत वाळला, पाऊस कुठल्या तिथीला आला, किती माल टाकून द्यावा लागला. सातपाटी-वसईच्या वाळवणीवर हे सांगणाऱ्या बायका आजही आहेत, आणि बहुतेकींचे वय साठीच्या पुढे आहे.