‘शून्य मशागतीने कर्ब वाढला’: हे वाक्य लिहिण्याआधी

शोधप्रबंध चाळताना एक वाक्य तुम्हाला हमखास भेटणार: ‘शून्य मशागतीमुळे जमिनीतील सेंद्रिय कर्बात लक्षणीय वाढ झाली.’ पुढे एक तक्ता, तक्त्यात दोन आकडे, दुसरा पहिल्यापेक्षा मोठा. विषय संपला. तुमच्यापैकी कुणी मृदाशास्त्रात पीएचडीची तयारी करत असेल, तर अशा वाक्यापाशी जरा थांबायची सवय लावून घ्या. आज त्याच वाक्याची चिकित्सा करू, आणि ती आपल्याच भागातल्या धानाच्या बांधीत उभं राहून करू.

उदाहरण घेऊ सगुणा राईस तंत्राचं, म्हणजे लोक ज्याला एसआरटी म्हणतात. रायगड जिल्ह्यात नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी ते विकसित केलं. नांगरणी नाही, चिखलणी नाही, रोवणीही नाही. एकदा गादीवाफे करायचे आणि तेच वर्षानुवर्षं ठेवायचे. लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोकं पाडून बी टाकायचं. कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची. तण आवरायला तणनाशक वापरायचं. मजुरी वाचते, वेळ वाचतो, गांडुळं परत येतात आणि सेंद्रिय कर्ब वाढतो, असं या तंत्राबद्दल सांगितलं जातं. पहिले दोन फायदे शेतकऱ्याला आपल्या खर्चाच्या वहीत दिसतात. गांडुळं डोळ्यांना दिसतात. कर्ब मात्र कुणालाच दिसत नाही, तो मोजावा लागतो. आणि गडबड तिथेच होते.

पहिला प्रश्न विचारा: किती खोल मोजला? मृदा आरोग्य पत्रिकेसाठी नमुना साधारण वरच्या १५ सेंटिमीटरमधून घेतात. खताची शिफारस करायला ते पुरेसं आहे, पण मशागतीची तुलना करायला नाही. नांगर पालापाचोळा आणि मुळं खालीवर मिसळतो. नांगर थांबला की तेच सगळं वरच्या थरात साठतं. म्हणजे वरचा नमुना घेतला की कर्ब वाढलेला दिसणार, खाली तो कमी झाला असला तरी. बेकर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली नेमकं हेच दाखवलं: शून्य मशागतीच्या बाजूने बोलणाऱ्या बहुतेक प्रयोगांत नमुने ३० सेंटिमीटर किंवा त्याहून कमी खोलीचे होते, आणि जिथे खोल खणलं तिथे फरक बहुधा उरला नाही. २०१४ साली पॉवलसन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये लिहिलं की दिसणाऱ्या वाढीतला बराचसा भाग हा कर्ब वरच्या थरात सरकल्याचा परिणाम आहे. जमिनीच्या तब्येतीला शून्य मशागत चांगली आहे, हे त्यांनी नाकारलं नाही. हवामानबदलावरचा उपाय म्हणून तिचा जो गवगवा होतो, त्याला त्यांनी हरकत घेतली. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी कामी येईल.

दुसरा प्रश्न: टक्के मोजले की साठा? इथे जरा आकडेमोड करू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. समजा सुरुवातीला कर्ब ०.६० टक्के, स्थूल घनता १.४५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, खोली १५ सेंटिमीटर. तिघांचा गुणाकार केला की साठा येतो हेक्टरी १३.०५ टन. तीन वर्षांनी कर्ब ०.६६ टक्के झाला आणि जमीन भुसभुशीत होऊन घनता १.३० वर आली. आता गुणाकार करा: १२.८७ टन. टक्केवारी दहा टक्क्यांनी वाढली आणि साठा घटला! पण हेही पूर्ण खरं नाही. जमीन फुगल्यामुळे त्याच १५ सेंटिमीटरमध्ये आता हेक्टरी २२५ टन माती कमी आहे. तेवढी माती खालच्या थरातून हिशेबात घ्यायला हवी. त्या थरात ०.४० टक्के कर्ब असेल तर ०.९० टन मिळतो आणि एकूण होतो १३.७७ टन, म्हणजे वाढ साडेपाच टक्के. एकाच बांधीची तीन उत्तरं निघाली: दहा टक्के वाढ, किंचित घट, साडेपाच टक्के वाढ. घनता उलट वाढली असती तर फसगतही उलट झाली असती. समान वजनाच्या मातीवर हिशेब करायचा तो यासाठी. ज्या प्रबंधात स्थूल घनतेचा रकानाच नाही, त्यातली कर्बाची वाढ कितपत मानायची ते तुम्हीच ठरवा.

तिसरा प्रश्न प्रयोगशाळेचा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी १९३४ सालची वॉकली-ब्लॅक पद्धत वापरतात. ती सगळा कर्ब पकडत नाही. सरासरी ७७ टक्के सापडतो असं धरून १.३० ने गुणतात. हा गुणक प्रत्येक मातीला सारखा लागू पडत नाही. धानाच्या जमिनीत आणखी एक मेख आहे: पाणी साचलेल्या मातीतलं फेरस लोह डायक्रोमेट खातं आणि कर्ब आहे त्याहून जास्त दिसतो. म्हणून नमुना नीट वाळवणं हा विधीचा भाग नाही, तो मोजणीचाच भाग आहे. शिवाय सेंद्रिय कर्ब आणि सेंद्रिय पदार्थ यांची गल्लत करू नका. कर्बाला १.७२४ ने गुणलं की पदार्थ येतो. एका प्रबंधातला ०.६० टक्के कर्ब आणि दुसऱ्यातला १.०३ टक्के सेंद्रिय पदार्थ, दोन्ही एकच!

आता बांधीत उतरू. कोहमारा हे गोंदिया जिल्ह्यात सडक अर्जुनी तालुक्यातलं, नागपूर-रायपूर महामार्गावरचं गाव. आजूबाजूला धान आणि मामा तलाव, पलीकडे नवेगावबांध. इथे एसआरटीची चाचणी घ्यायची ठरवली, तर बाहेरच्या गहू-मक्याच्या प्रयोगांचे निष्कर्ष उचलून आणता येत नाहीत. कारण साधं आहे. कोरडवाहू शेतात नांगरणीने हवा शिरते आणि सेंद्रिय पदार्थ लवकर जळतो, त्यामुळे नांगर थांबवला की तो टिकण्याची शक्यता वाढते. धानाच्या बांधीत मात्र पावसाळाभर पाणी साचतं, हवा कमी असते, कुजणं मंद होतं. गादीवाफा केला की पाणी उतरतं आणि हवा शिरते. म्हणजे नांगर थांबवून वाचवलेला कर्ब हवेमुळे निसटूही शकतो. मिथेन कमी होईल, नायट्रस ऑक्साइड वाढू शकेल. एकूण पारडं कुठे झुकेल ते मोजल्याशिवाय कुणी सांगू नये, प्रचारकांनी नाही आणि विरोधकांनीही नाही.

मग तुलना कशाशी करणार? सिनॉप्सिसमध्ये आपण बिनधास्त ‘पारंपरिक पद्धत’ असं लिहून मोकळे होतो. पण झाडीपट्टीत परंपरा तरी एक आहे का? रोवणी आहे, आवत्या आहे. आणि उतेरा आहे: उभ्या धानात, ओल असताना लाखोळी फेकायची, नांगर लावायचाच नाही. म्हणजे रब्बीत आपले शेतकरी पिढ्यान् पिढ्या शून्य मशागत करत आलेत. तुमच्या तुलनेच्या बांधीत उतेरा आहे की नाही, हे लिहिलं नाही तर अर्धा प्रयोग हातातून गेला. लाखोळी नत्र बांधते, मुळं सोडते, कर्बावर तिचाही हात असतो.

अशा आणखी गोष्टी आहेत. तलावातला गाळ बांधीत टाकला होता का? गाळासोबत कर्ब येतो. कापणीनंतर गुरं मोकळी सोडली का? ती धसकटं खातात, शेणही टाकतात. तणीस घरी नेलं की रानात ठेवलं? जमीन कन्हार की सिहार? भारी कन्हारीत कर्ब मातीच्या बारीक कणांना धरून राहतो, हलक्या सिहारीत तसा नाही. आणि हलक्या जमिनीत चिखलणी थांबवली तर पाणी झिरपून जाईल, हा शेतकऱ्याचा पहिला सवाल असेल. त्याला तुमच्या प्रबंधात उत्तर हवं.

सगळ्यात मोठी अडचण वेगळीच. एसआरटीत एकाच वेळी कितीतरी गोष्टी बदलतात: नांगरणी, चिखलणी, रोवणी, वाफा, मुळं, तणनाशक. निकाल चांगला आला तर श्रेय कुणाला? गादीवाफा पण नांगरलेला, सपाट पण न नांगरलेला, अशा मधल्या बांध्या ठेवल्याशिवाय हे सुटत नाही. २०१५ साली पिटेलको आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये ६१० अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या शून्य मशागतीने उत्पादन घटलेलं दिसलं. सोबत पिकाचे अवशेष आणि फेरपालट असेल तर घट कमी झाली, आणि कोरड्या हवामानातल्या पावसावरच्या शेतीत उत्पादन वाढलंसुद्धा. म्हणजे जोडीला काय होतं, त्यावर सगळं अवलंबून.

तुम्ही म्हणाल, एवढी कीस काढून काय मिळणार? तंत्र चांगलं आहे ना, मग होऊ द्या प्रसार. पण बघा, एखाद्या शेतकऱ्याला आपण कर्बाचं आणि उद्या कार्बन क्रेडिटचं आमिष दाखवून बांधी बदलायला लावली आणि पाच वर्षांनी खोल नमुन्यात काहीच वाढलं नाही, तर तो तंत्रच सोडून देईल. त्यासोबत रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून राबणाऱ्या बायकांच्या पाठीची सुटका जाईल, वाचलेली मजुरी जाईल, पाऊस लांबला तरी पऱ्ह्यांची वाट न बघता पेरता येण्याची सोय जाईल. हे फायदे कर्बाशिवायही खरे आहेत. त्यांना कर्बाच्या कुबड्या कशाला?

तेव्हा सिनॉप्सिसचं शीर्षक ‘वाढीसाठी शून्य मशागत’ असं ठेवू नका. ‘धानाच्या बांधीत मशागत बदलल्याने कर्बसाठ्यावर होणारा परिणाम’ असं ठेवा. ०-५, ५-१५, १५-३० आणि ३०-६० सेंटिमीटर असे थर वेगळे घ्या. प्रत्येक थराची घनता मोजा. सुरुवातीचा नमुना पहिल्या पेरणीआधीच घ्या, तो नंतर मिळत नाही. आणि मातीचा थोडा भाग बाटलीत, नाव-तारीख टाकून, जपून ठेवा. दहा वर्षांनी कुणीतरी तुमच्याच बांधीत परत खणेल, तेव्हा त्याला तुलना करायला खरी माती मिळेल.