पडद्यावरची व्याख्याने आणि स्पेनची कला : एक चिकित्सा

प्रास्ताविक

2020 च्या टाळेबंदीत युरोपातील संग्रहालयांची दारे बंद झाली आणि कलेतिहासाची व्याख्याने सभागृहातून संगणकाच्या पडद्यावर आली. टाळेबंदी उठली, पण ही व्याख्याने टिकून राहिली. स्पेनच्या कलेपुरते पाहिले तर या प्रथेची मुळे आणखी मागे जातात. माद्रिदच्या हुआन मार्च प्रतिष्ठानाने 1975 पासूनच्या आपल्या व्याख्यानांची ध्वनिमुद्रणे सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. प्रादो संग्रहालयातील तज्ज्ञांची व्याख्यानेही घरबसल्या पाहता येतात. इंग्लंडमध्ये डरहॅम विद्यापीठाच्या झुर्बारान केंद्रासारख्या संस्था इंग्रजीतून या विषयावर चर्चासत्रे घेतात. ते केंद्र तेथे असण्याला कारण आहे. जवळच्या बिशप ऑकलंड गावी झुर्बारानच्या ‘याकोब आणि त्याचे बारा पुत्र’ या मालिकेतील बहुतेक चित्रे 1756 पासून आहेत आणि 2021 मध्ये तेथे स्पॅनिश कलेचे स्वतंत्र दालनही उघडले.

ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात स्पॅनिश कलेवर एखादे पुस्तक मिळणेही कठीण, तेथील अध्यापकाला ही सोय मोठीच वाटणार. परंतु फुकट मिळालेली वस्तूही पारखून घ्यावी लागते. ही व्याख्याने काय देतात, काय हिरावून घेतात आणि वर्गात त्यांचा वापर कोणत्या सावधगिरीने करावा, याचा विचार येथे केला आहे.

जमेची बाजू

पडद्याचे पहिले देणे म्हणजे जवळून पाहण्याची सोय. जानेवारी 2009 मध्ये प्रादोने आपली 14 निवडक चित्रे अतिसूक्ष्म छायाचित्रणाद्वारे गूगल अर्थवर उपलब्ध केली. वेलास्केझच्या ‘लास मेनिनास’ (1656) या चित्रासमोर गर्दीत उभ्या असलेल्या प्रेक्षकाला राजकन्येच्या पोशाखावरील कुंचल्याचे सुटे फटकारे जितके दिसतात, त्याहून अधिक ते पडद्यावर दिसतात. ‘दुरून रेशीम, जवळून नुसता रंग’ हे वेलास्केझचे वैशिष्ट्य व्याख्याता एका क्षणात दाखवू शकतो.

दुसरे देणे तुलनेचे. गोयाने आपल्या घराच्या भिंतींवर सुमारे 1819 ते 1823 या काळात रंगवलेली 14 ‘काळी चित्रे’ 1874 पासून भिंतीवरून काढून कॅनव्हासवर उतरवण्यात आली. त्या सुमारास हुआन लॉरां या छायाचित्रकाराने भिंतीवरच्या चित्रांची छायाचित्रे घेतली होती. लाठ्यांनी लढणाऱ्या दोन पुरुषांचे चित्र आज पाहिले तर ते गुडघ्यापर्यंत जमिनीत रुतलेले वाटतात. लॉरांच्या छायाचित्रात मात्र ते गवतात उभे असल्यासारखे दिसतात. दोन्ही प्रतिमा शेजारी ठेवल्या की, ज्या ‘रुतलेपणा’वर स्पेनच्या यादवीचे प्रतीक म्हणून पुष्कळ लिहिले गेले, त्याचा काही भाग चित्र उतरवताना झालेल्या हानीचा आहे काय, हा प्रश्न विद्यार्थी स्वतःहून विचारतो. चांगल्या व्याख्यानाचे हेच खरे यश.

उणी बाजू : आकार आणि स्थळ

पडद्यावर सर्व वस्तू एकाच मापाच्या होतात. तीन मीटरहून उंच असलेले ‘लास मेनिनास’ आणि मुठीएवढे लघुचित्र यांना सारखीच चौकट मिळते. त्याहून मोठे नुकसान स्थळाचे आहे. वेलास्केझचे ‘ब्रेडाची शरणागती’ हे चित्र 1635 च्या सुमारास बुएन रेतिरो राजवाड्यातील ‘राज्यांचे दालन’ येथे लावण्यासाठी काढले गेले. त्याच्याबरोबर इतर चित्रकारांनी काढलेली विजयाची चित्रे, झुर्बारानची हर्क्युलिसच्या पराक्रमांची 10 चित्रे आणि राजघराण्यातील व्यक्तींची अश्वारूढ चित्रे होती. त्या दालनाचा एकत्रित अर्थ राजसत्तेच्या गौरवाचा होता. एकटे चित्र घेऊन ‘जेत्याचे औदार्य’ एवढेच सांगितले, तर ते औदार्य कोणाच्या जाहिरातीसाठी होते हे सुटून जाते.

वास्तूच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. कॉर्दोबाच्या जामा मशिदीचे बांधकाम पहिल्या अब्दुर्रहमानने 785-86 मध्ये सुरू केले. दुसऱ्या अल-हकमच्या काळात, म्हणजे 960 च्या दशकात, मेहराबीला सोनेरी कुट्टिमचित्रांचा साज चढला. 1236 मध्ये मशिदीचे चर्च झाले आणि 1523 मध्ये तिच्या मध्यभागी कॅथेड्रलचे उंच बांधकाम सुरू झाले. खांबांच्या अर्ध्या उजेडातील रांगांमधून चालत गेल्यावर अचानक उंची आणि प्रकाश अंगावर येतो, त्या वेळी इतिहासातील तो छेद शरीराला कळतो. पडद्यावर मेहराब आणि कॅथेड्रल ही फक्त लागोपाठची दोन चित्रे ठरतात.

जुने ध्वनिमुद्रण, बदललेले मत

व्याख्यान एकदा साठवले गेले की त्यावरची तारीख कोणी पाहत नाही. ‘महाकाय’ हे चित्र याचे उत्तम उदाहरण. अनेक दशके ते गोयाचे श्रेष्ठ चित्र म्हणून शिकवले गेले. 2009 च्या जानेवारीत प्रादोने ते गोयाचे नसून त्याच्या अनुयायाचे असावे असा निष्कर्ष जाहीर केला. त्यावर वाद झडले आणि 2021 मध्ये संग्रहालयाने ‘गोयाचे मानले जाणारे’ अशा अर्थाची सावध नोंद स्वीकारली. म्हणजे 2005, 2012 आणि 2022 मधील तीन वक्ते तीन वेगळ्या गोष्टी सांगतील आणि प्रत्येक जण आपापल्या काळातील अधिकृत मतच मांडत असेल. छापील पुस्तकाची आवृत्ती पाहण्याची सवय अध्यापकाला असते. तीच सवय येथेही लावून घ्यावी लागेल.

‘स्पॅनिश’ म्हणजे नेमके काय?

बहुसंख्य व्याख्यानमालांची वाट एल ग्रेकोपासून निघून वेलास्केझ, झुर्बारान, मुरिलो, गोया यांच्यामार्गे पिकासोपर्यंत जाते. अल-अंदलुसची सुमारे आठ शतके ‘इस्लामी कला’ या वेगळ्या खान्यात जातात. विद्यापीठातील विभागांची ही वाटणी पडद्यावर जशीच्या तशी उमटते. 1992 मध्ये ग्रानादाच्या अलहंब्रात आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात भरलेल्या ‘अल-अंदलुस’ प्रदर्शनाने ही भिंत हलवली होती, पण ती पडलेली नाही.

जेव्हा वक्ते भिंत ओलांडतात, तेव्हा दुसरा धोका असतो. अमेरिको कास्त्रोने 1948 च्या ग्रंथात ज्या ‘कोन्विवेन्सिया’ म्हणजे सहजीवनाची चर्चा केली, त्याचे तासाभराच्या व्याख्यानात घोषवाक्य होते. त्याच्या उलट बाजूला ‘पुनर्विजया’ची तितकीच सोपी कथा असते. वास्तू मात्र दोन्हींना दाद देत नाही. सेव्हिलच्या अल्काझारमधील पेद्रो राजाच्या महालावर 1364 हे वर्ष सांगणारा कास्तिली लेख आहे, आणि त्याच दर्शनी भागावर ‘अल्लाहखेरीज कोणी विजयी नाही’ हे ग्रानादाच्या नसरी सुलतानांचे बोधवाक्य अरबीत वारंवार कोरलेले आहे. पेद्रो हा ग्रानादाच्या पाचव्या मुहम्मदाचा मित्र होता, पण त्याच काळात सीमेवर युद्धेही होत होती. अशा कलेला ‘मुदेहार’ हे नाव होसे आमादोर दे लोस रिओस याने 1859 मधील भाषणात दिले. शैली चौदाव्या शतकातली, नाव एकोणिसाव्या शतकातले, हे भान बहुतेक व्याख्यानांत निसटते.

व्यक्तींबाबतही तसेच. हुआन दे पारेहा हा दीर्घकाळ वेलास्केझने 1650 मध्ये काढलेल्या एका सुंदर व्यक्तिचित्राचा विषय म्हणूनच ओळखला गेला. तो वेलास्केझचा गुलाम होता, त्याच वर्षी रोममध्ये त्याच्या मुक्ततेचा दस्तऐवज झाला आणि पुढे तो स्वतः चित्रकार म्हणून नावारूपाला आला, ही बाजू 2023 च्या मेट्रोपॉलिटनमधील प्रदर्शनाने ठळक केली. पारेहाच्या ‘संत मॅथ्यूला पाचारण’ (1661) या चित्रात त्याने स्वतःला रंगवले आहे. जे व्याख्यान पहिले चित्र दाखवते आणि दुसरे वगळते, ते पारेहाचा अर्धाच परिचय करून देते.

समारोप

ऑनलाइन व्याख्याने ग्रंथ आणि प्रवास यांची जागा घेऊ शकत नाहीत, परंतु जेथे दोन्ही दुर्लभ आहेत तेथे त्यांना नाकारणे हा कर्मठपणा ठरेल. वर्गात व्याख्यान लावून अध्यापकाने बाजूला बसणे हा मात्र त्यांचा सर्वांत वाईट उपयोग. त्याऐवजी त्यातील दहा मिनिटे निवडावीत. चित्राची खरी लांबी-रुंदी वर्गाच्या भिंतीवर खडूने आखून दाखवावी. व्याख्यानाची तारीख फळ्यावर लिहावी. वक्त्याने कोणते चित्र दाखवले नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. पडदा दृष्टी तीक्ष्ण करतो, पण विवेक शिकवत नाही. ते काम अध्यापकाचे होते आणि आजही त्याचेच आहे.