बी-फास्ट : ७३६ रुग्ण, पण कोणते?

पक्षाघात ओळखायची 'फास्ट' ही युक्ती तुम्ही कुठेतरी पोस्टरवर पाहिली असेल. चेहरा एका बाजूला वाकडा, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, तर वेळ न घालवता हॉस्पिटल गाठा. २०१७ साली अरूर, सिंग आणि गोल्डस्टीन यांनी 'स्ट्रोक' जर्नलमध्ये यात 'बी' आणि 'ई' जोडायचं सुचवलं, म्हणजे बॅलन्स आणि आइज. पेपर छोटाच आहे. सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी वाचाच.

त्यांनी ७३६ इस्केमिक स्ट्रोक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. १४.१ टक्के लोकांत फास्टमधलं एकही लक्षण नव्हतं. तोल आणि दृष्टी धरल्यावर सुटणारे उरले ४.४ टक्के. यात नवल नाही. लहान मेंदू आणि दृष्टीचं केंद्र मागच्या बाजूला. तिथला रक्तपुरवठा तुटला तर चेहरा आणि हात ठणठणीत राहू शकतात. घरचे म्हणतात, "पित्त झालंय, जरा पड."

आता नमुना बघा. सगळ्या ७३६ जणांना स्ट्रोक झालेलाच होता! ज्यांना चक्कर आली पण स्ट्रोक नव्हता, ते यात नाहीतच. म्हणजे संवेदनशीलता कळते, पण विनाकारण किती जण धावत येतील ते कळत नाही. शिवाय यादीत लक्षण वाढवलं की सुटणाऱ्यांचा आकडा कमी होईल किंवा तेवढाच राहील, वाढणं शक्यच नाही. मग तो कमी झाला एवढ्यावर निष्कर्ष उभा राहत नाही. लेखकांनीही पुढचा, म्हणजे प्रॉस्पेक्टिव्ह अभ्यास झाल्यावरच लोकशिक्षण बदलावं असं म्हटलंय. पोस्टर छापणाऱ्यांनी ती ओळ बहुतेक गाळली.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. मोजताना तोल जाणं आणि पायातली कमजोरी एकत्र धरलीय. 'बी' अक्षर वाचून पाय कुणाला आठवणार?

तरी घरात मी बी-फास्टच वापरीन. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि चक्कर कानाची निघाली तर फार तर एक फेरी फुकट. फक्त 'अचानक' हा शब्द सोडू नका. महिनाभर डोळ्यांना अंधुक दिसणं वेगळं, चहा पिता पिता अर्धं दिसेनासं होणं वेगळं. दहा मिनिटांत सगळं ठीक झालं तरी १०८ ला फोन करा, आणि शेवटचं नीट कधी होते ती वेळ लिहून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.