फियाट, शुद्धकल्याण आणि साधेपणा

जुन्या मोटारींचे शौकीन आणि जुन्या गाण्याचे शौकीन ही माणसे एकाच कुळातली असावीत, असा मला फार दिवसांपासून संशय आहे. दोघेही आपल्या दैवताविषयी बोलू लागले की घड्याळाकडे पाहावयाचे विसरतात, दोघांनाही नव्यात काही राम दिसत नाही, आणि दोघांच्याही स्तुतीचा शेवट एकाच शब्दावर होतो: साधेपणा. चिंचवड, आकुर्डी, निगडी ह्या बाजूला तर ही दोन्ही कुळे एकाच घरात नांदतात. उभा जन्म कारखान्यात यंत्रापुढे काढलेला गृहस्थ निवृत्तीनंतर सकाळी जुनी फियाट पुसतो आणि संध्याकाळी भीमसेन जोशी ऐकत बसतो. अशा चार मंडळींच्या गप्पांत ‘काय साधी गाडी होती!’ आणि ‘काय साधं गाणं हो!’ हे उद्गार पाठोपाठ येतात. तेव्हा ऐकणाऱ्याला वाटते, की ह्या शब्दाचा दोन्हीकडे अर्थ एकच. तो खरोखरच एक आहे काय, हे तपासणे टीकाकाराचे काम. सणासुदीला ते थोडे रुक्ष वाटले, तर वाचकांनी चकलीबरोबर चालवून घ्यावे.

प्रथम मोटार. वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर कंपनीने इटलीच्या फियाटची ‘अकराशे’ ही गाडी आपल्याकडे रुजविली. १९६४ पासून ती ‘डिलाइट’ म्हणून ओळखली गेली आणि पुढच्या दशकात ‘पद्मिनी’ झाली. चार सिलिंडरांचे १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच जडविलेला गिअर आणि थंडीच्या सकाळी ओढावयाचा चोक! बॉनेट उघडले की सारा संसार डोळ्यांपुढे मांडलेला. कार्बोरेटर कोणता, डिस्ट्रिब्यूटर कोणता, हे शेजारच्या मुलालाही बोट दाखवून सांगता येई. आकुर्डीची ‘चेतक’ स्कूटर तिचीच धाकटी बहीण म्हणावी. १९७२ साली आलेली ही स्कूटर रुसली, तर तिला एका अंगावर कलती करावयाची, पुन्हा किक मारावयाची आणि तरीही ऐकेना तर प्लग काढून पुसावयाचा. एवढे यंत्रशास्त्र त्या काळच्या प्रत्येक कुटुंबप्रमुखास अवगत होते.

हे सारे खरे. परंतु हा साधेपणा आला कोठून? पस्तीस वर्षे ती गाडी आपल्या मूळ रूपात फारसा बदल न होता राहिली, ती तिच्या रचनेवर कोणाचे प्रेम होते म्हणून नव्हे. परवान्यांच्या त्या काळात तिला बदलावयास भाग पाडणारा प्रतिस्पर्धीच नव्हता. गिऱ्हाईक स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबत असे, आणि जे मिळे ते डोक्यावर घेऊन नाचत असे. मोटारीचा हा साधेपणा नाइलाजाचा होता. त्याला जी शोभा आली, ती गॅरेजमधील मिस्त्रींच्या हातांनी आणि कानांनी आणली.

आता गाणे. भीमसेनांना मोटारींचे केवढे वेड होते, हे सर्वश्रुत आहे. लांबलांबच्या मैफलींना ते स्वतः गाडी चालवीत जात. पण मोटारीत त्यांना आवड होती ती वेगाची आणि ताकदीची, आणि त्यांच्या तानेतही हे दोन्ही गुण आहेत. त्या तानेला कोणी साधी म्हणेल, तर त्याने ती ऐकलेली नाही. मग साधेपणा कोठे आहे? तो आहे मांडणीत. अब्दुल करीम खाँ, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि त्यांचे शिष्य भीमसेन, ह्या किराणा परंपरेत स्वर हाच मुख्य. शुद्धकल्याण घ्या. चढताना मध्यम आणि निषाद वर्ज्य, म्हणजे उरले पाचच स्वर. गाळलेले दोन उतरताना मींडेच्या ओघात नुसते डोकावून जातात. एवढ्याशा भांडवलावर भीमसेन तासभर उभे राहतात आणि षड्ज पुरता भरल्याशिवाय रिषभाला हात लावीत नाहीत. मागे तंबोऱ्याच्या चारच तारा: पंचम, षड्जाची जोड आणि खर्ज. जवारीतला दोरा केसभर सरकला, तरी बिघाड ऐकू येतो. लपावयास जागाच नाही!

तेच ते राग ते पुन्हापुन्हा गातात, असा आक्षेप त्यांच्यावर वारंवार घेतला गेला. वस्तुस्थिती म्हणून तो खरा आहे, दोष म्हणून मात्र मला तो मान्य नाही. रागांचे अफाट भांडार समोर खुले असताना त्यांनी थोडे निवडले आणि त्यांत जन्मभर खोल उतरले. हा साधेपणा निवडलेला आहे. ज्याला दुसरे काही येत नाही म्हणून जो थोडे गातो, त्याच्या गाण्याला साधे म्हणणे म्हणजे रिकाम्या खिशाला वैराग्य म्हणण्यासारखे आहे. उलट, जयपूर घराण्याचे अनवट आणि जोड राग ऐकून ‘हे काही साधे नाही’ म्हणून नाक मुरडणेही तितकेच चुकीचे. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या गाण्यात गुंतागुंत पुष्कळ आहे, गोंधळ नाही. आणि साधेपणाचा खरा शत्रू गोंधळ आहे, गुंतागुंत नव्हे.

आज चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या गाडीचे बॉनेट उघडले, तर बहुतेक यंत्र झाकणाखाली असते, आणि बिघाड कानाने नव्हे, संगणक जोडून शोधावा लागतो. चेतकसुद्धा २०१९ पासून विजेवर धावू लागली. तिला आता कलती करावी लागत नाही. ह्याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण मला दिसत नाही. नवे ब्रेक आणि सुरक्षेचे पट्टे ह्यांनी अनेकांचे प्राण वाचविले आहेत. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. तिला मानाने निरोप देणे पुरेसे आहे.

हरवू नये, अशी गोष्ट निराळीच आहे: तो कान. इंजिनाच्या संथ घरघरीत एक सिलिंडर चुकतो आहे, हे अंगणातून ओळखणारा मिस्त्री आणि पंचम किंचित उतरला आहे, हे मांडीवर तंबोरा घेऊन ओळखणारा गवई, ह्यांचा अभ्यास एकाच जातीचा. यंत्र ट्यून करण्याचा तंबोरा आता बटणावर वाजतो, बेसूर गळाही ध्वनिमुद्रणात सुरात आणता येतो. चूक झाकणे सोपे झाले की चूक ऐकू येणेच हळूहळू थांबते, आणि मग शुद्धकल्याणातील पाच स्वर नुसते पाचच वाटू लागतात.

देहू आणि आळंदी ह्यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या ह्या पट्ट्याला हे शिकवावयास नको. अभंगाला टाळ, मृदंग आणि वीणा पुरते, परंतु ते पुरण्यासाठी गाणाऱ्याजवळ काही असावे लागते. तेव्हा मोटारप्रेमी स्नेह्यांनो, फियाट जरूर पुसा, तिची जरूर स्तुती करा. मात्र भीमसेनांना तोच शब्द लावताना थोडे थांबा. तुमची गाडी साधी होती, कारण तिला दुसरे होता आले नाही. ते साधे गायले, कारण त्यांना दुसरे पुष्कळ काही येत होते.