दुधातला 'सैतान' आणि पुराव्याची चाळण

दुधाच्या काही बाटल्यांवर हल्ली 'ए-२' अशी ठळक अक्षरे असतात आणि भाव नेहमीच्या रतिबाच्या दुधापेक्षा बराच चढा असतो. मग साधे दूध मुलांना अपायकारक आहे की काय, असा प्रश्न पालकांच्या मनात येतो. ही चर्चा जगभर पोचवण्यात २००७ साली न्यूझीलंडमध्ये निघालेल्या 'डेव्हिल इन द मिल्क' या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. लेखक कीथ वुडफर्ड तेव्हा लिंकन विद्यापीठात शेती-व्यवस्थापनाचे प्राध्यापक होते. शिक्षकांनी हे पुस्तक जरूर वाचावे असे आम्हाला वाटते. पण ते हाती चाळण घेऊन वाचावे.

आधी त्यातले विज्ञान पाहू. गाईच्या एक लिटर दुधात सुमारे ३२ ग्रॅम प्रथिने असतात. त्यांतला सुमारे ८० टक्के भाग केसीन, आणि केसीनचा साधारण तिसरा हिस्सा बीटा-केसीन. बीटा-केसीन म्हणजे २०९ अमिनो आम्लांची माळ. या माळेतला ६७ वा मणी ए-२ प्रकारात प्रोलीन असतो, तर ए-१ मध्ये हिस्टिडीन. जनुकातले एक अक्षर बदलल्याने हा फरक पडला. प्रोलीनपाशी माळ सहसा तुटत नाही. हिस्टिडीनपाशी मात्र पचनाच्या वेळी ती तुटून सात मण्यांचा एक तुकडा सुटा होऊ शकतो. त्याला बीसीएम-७ म्हणतात. त्याचे गुणधर्म अफूच्या वर्गातल्या द्रव्यांसारखे, पण बरेच सौम्य असतात. हा सारा भाग वुडफर्ड यांनी फार सोपा करून सांगितला आहे. एका अमिनो आम्लाच्या बदलाने काय घडू शकते हे अकरावी-बारावीच्या वर्गात शिकवताना याहून जवळचे उदाहरण शोधावे लागणार नाही.

अडचण पुढे येते. हा तुकडा मधुमेह, हृदयविकार, स्वमग्नता अशा अनेक विकारांच्या मुळाशी असावा, असा लेखकाचा रोख आहे. त्यांचा मोठा आधार म्हणजे लॉगेसन आणि एलियट यांचा २००३ सालचा अभ्यास. त्यात १९ देशांतले ए-१ प्रथिनाचे दरडोई प्रमाण आणि बालवयात होणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह यांचा सहसंबंध ०.९२ इतका निघाला. आकडा डोळ्यांत भरतो. पण पावसाळ्यात छत्र्यांचा खप वाढतो आणि हिवतापही वाढतो, म्हणून कोणी छत्रीला दोष देत नाही. देशादेशांत ऊन, आहार, संसर्ग, आनुवंशिकता असे कितीतरी फरक असतात. देशांच्या सरासरीवरून एका मुलाच्या आजाराचे कारण ठरत नाही. असा सहसंबंध शोधाची दिशा दाखवतो. तो निकाल नव्हे.

पुढचा शोध झालाही. २००२ साली तीन देशांतल्या प्रयोगशाळांनी उंदीर-घुशींवर केलेल्या चाचणीचे निकाल आले होते. त्यात ए-१ आणि ए-२ यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. उलट गहूप्रधान, दूधविरहित खाद्यावर मधुमेह अधिक झाला. वुडफर्ड या प्रयोगातल्या मूळ खाद्यावरच आक्षेप घेतात. आक्षेप घेणे रास्तच आहे. पण विरोधी पुराव्याला ते जी बारीक चाळण लावतात, ती स्वतःच्या पुराव्याला लावत नाहीत. पुस्तकाचा हा खरा दोष आहे. २००९ साली युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने उपलब्ध संशोधन तपासले. बीसीएम-७ आणि हे आजार यांत कार्यकारण संबंध प्रस्थापित होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

मोठ्या दूधसंस्थांना हा प्रश्न दडपण्यात रस असू शकतो, हा लेखकाचा संशय आम्ही धुडकावत नाही. मात्र हितसंबंध दोन्ही बाजूंना असतात. पोटाच्या तक्रारींबाबत ए-२ च्या बाजूने जाणाऱ्या २०१६ च्या चिनी चाचणीत ४५ जण होते, आणि तिचा खर्च ए-२ दूध विकणाऱ्या कंपनीने केला होता. एवढ्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही. स्वतंत्र पडताळणीची गरज तेवढी वाढते.

आपल्याकडच्या वाचकाने आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. देशी गाईंच्या पाहणीत ए-२ चेच प्राबल्य आढळले आहे, आणि म्हशीचे दूधही त्याच प्रकारचे असते. म्हणजे म्हशीचे दूध पिणारी घरे जादा पैसे न मोजता ए-२ दूधच पीत आली आहेत! दुसरे असे, की दुग्धशर्करा न पचणे किंवा दुधाची ॲलर्जी या तक्रारी वेगळ्या आहेत. दुग्धशर्करा दोन्ही दुधांत सारखीच असते, आणि ॲलर्जी असलेल्या मुलाला ए-२ दूधही सुरक्षित नाही.

भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी वेष्टनावरचे 'ए-१', 'ए-२' हे दावे काढायला सांगितले आणि पाचच दिवसांत तो आदेश मागे घेतला. तेव्हा पारख करण्याची जबाबदारी ग्राहकावरच येते. ए-२ दूध परवडते आणि आवडते, तर खुशाल घ्यावे. पण महाग दूध परवडत नाही म्हणून एखाद्या मुलाचा रोजचा पेला बंद झाला, तर ते नुकसान मात्र खरे असेल. विद्यार्थ्यांना अशी एखादी जाहिरात आणायला सांगावी आणि विचारावे: यातले मोजलेले काय, आणि नुसते सुचवलेले काय?