पट्टीचे नाव आणि स्वराची उंची : लिटल वॉल्टरच्या ‘ज्यूक’ची समीक्षा

प्रस्तावना

माउथ ऑर्गन आपल्याकडे रुजला तो मुख्यतः चित्रपटसंगीतातून. ‘सोलवाँ साल’ (१९५८) मध्ये हेमंतकुमारांच्या गीतात राहुलदेव बर्मन यांनी तो वाजविला, हे रसिकांना ठाऊक असते. परंतु वाद्य कोणत्या पट्टीचे होते, हा प्रश्न आपली समीक्षा सहसा विचारीत नाही. तो का विचारावा, हे शिकागो येथे १९५२ साली ध्वनिमुद्रित झालेल्या लिटल वॉल्टरच्या ‘ज्यूक’ या वादनाच्या आधारे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

पट्टीविषयीचा गैरसमज

दहा छिद्रांचा डायटॉनिक माउथ ऑर्गन एकाच पट्टीत बांधलेला असतो. त्यामुळे वादकाला पट्टीगणिक स्वतंत्र वाद्य बाळगावे लागते. नेहमीच्या बारा वाद्यांमध्ये ‘जी’ सर्वांत खर्जातले, तर ‘एफ शार्प’ सर्वांत उंच असते. हार्मोनियमच्या भाषेत काळी तीन व पांढरी पाच शेजारी आहेत. येथे मात्र त्यांच्यात अकरा अर्धस्वरांचे अंतर पडते. ‘जी’चा पहिला स्वर सेकंदाला सुमारे १९६ कंपनांचा, तर ‘एफ शार्प’चा सुमारे ३७० कंपनांचा असतो. याखेरीज ‘लो एफ’, ‘हाय जी’ अशी वाद्येही मिळतात. तात्पर्य, पट्टीचे नाव षड्ज सांगते. सप्तक सांगत नाही.

‘ज्यूक’मधील निवड

‘ज्यूक’ ‘ई’ या पट्टीत आहे. वाद्य मात्र ‘ए’चे आहे. ‘ई’चेच वाद्य घेतले असते, तर पहिल्या छिद्रात फुंकल्यावर मिळणारा षड्ज हाच सर्वांत खालचा स्वर ठरला असता. ‘ए’च्या वाद्यावर तोच, त्याच उंचीचा षड्ज दुसऱ्या छिद्रात श्वास आत ओढून मिळतो आणि त्याच्याखाली मंद्र पंचम, मध्यम यांना जागा उरते. शिवाय मधल्या सप्तकात बिलावलऐवजी खमाज थाटाचे स्वर हाती येतात. तिसऱ्या छिद्रातील शुद्ध गांधार कोमल गांधारापर्यंत उतरविता येतो. या दोहोंमधील अनिश्चित जागा हाच ब्लूजचा प्राण होय.

लिटल वॉल्टरच्या वादनाचे श्रेय बहुधा त्याच्या मायक्रोफोनला व अॅम्प्लिफायरला दिले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. यंत्र नाद मोठा व जाड करते. षड्जाखालची जमीन मात्र वाद्याच्या निवडीतूनच मिळते. ‘बिलबोर्ड’च्या रिदम अँड ब्लूज यादीत आठ आठवडे अग्रस्थानी राहिलेल्या या वादनाचे सामर्थ्य त्या निवडीतही आहे.

समारोप

आपल्या संगीतसमीक्षेत ‘पट्टी’ ही गायकाच्या सोयीची बाब मानली जाते. ‘ज्यूक’ या समजुतीला छेद देते. गाण्याची पट्टी, वाद्याची पट्टी आणि सप्तक या तिन्ही गोष्टींची स्वतंत्र नोंद झाल्याशिवाय माउथ ऑर्गनच्या वादनाचे विश्लेषण पूर्ण होत नाही. अन्यथा आपण ‘नाद भारदस्त आहे’ एवढेच लिहीत राहू. तो भारदस्त का आहे, हे विद्यार्थ्याला सांगू शकणार नाही.